पाच घरांचं दही

मार्च लागला की मला मळमळायला लागतं. पोटात काही बिघडलेलं नसतं, त्यामुळं औषधाचा उपयोग नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेला कडुनिंब फुलतो, दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागतं, मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड उन्हात जास्तच कोरडी ऐकू येते, आणि कुठल्यातरी खिडकीतून कुणाचं तरी पोर घोकत असल्याचा आवाज येतो. झालं. माझ्या जिभेच्या मुळाशी आंबट पाणी सुटतं. कडुनिंबाचा हा वास लोकांना गोड वाटतो. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मलाही वाटायचा. आता त्याच्या मागोमाग दुसरा वास येतो, उबलेल्या दह्याचा, आणि तो आला की मी खिडकी लावून घेते.

परीक्षेचा हंगाम म्हणतात याला. हंगाम कसला डोंबलाचा! माझं माहेर मंगळवेढ्याचं. हंगाम म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. ज्वारीचा हंगाम असतो, हुरड्याचा असतो, त्यात काहीतरी पिकतं आणि पिकल्यावर माणसं खूश होतात. या हंगामात घराघरांत एकेक पोर शिजत ठेवलेलं असतं आणि मोठी माणसं येता-जाता झाकण काढून बघत राहतात. झालं का? झालं का? शिजणाऱ्याला काय वाटतं हे विचारायची पद्धत नाही.

आमची लीला दहावीला होती, ते वर्ष मला अजून नाकानं आठवतं. ब्राह्मीच्या तेलाचा वास तिच्या उशीत इतका मुरला होता की उशी उन्हात टाकली तर अंगणात मांजर फिरकत नव्हतं. भिजवून सोललेल्या बदामांचा ओलसर वास. अंगाऱ्याच्या पुड्यांचा वास. बार्शीच्या मावशींनी एक पाठवली, माढ्याच्या काकांनी एक, आणि दोन्ही एकत्र करायच्या नाहीत म्हणून बजावलं. भेटायला येणारा प्रत्येक जण पेन आणायचा. त्यातली निम्मी पेनं उठायचीच नाहीत, आणि जी उठायची ती गळायची.

आमचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. त्यातलीच एक जाडजूड चादर यांनी जूनमध्येच आणून टीव्हीवर घातली होती. दहावी होईपर्यंत काढायची नाही, असं ठरलं. मार्चपर्यंत त्या चादरीवर धूळ बसून तिचा लाल रंग विटकरी झाला होता. भेटायला येणारी माणसं त्या झाकलेल्या टीव्हीसमोर ओळीनं बसायची, मयताला आल्यासारखी हळू आवाजात बोलायची, आणि चहा संपला की पोरीला बाहेर बोलवायची. ‘किती पर्सेंट पडतील?’ पोरगी अभ्यासातून उठून यायची, मान खाली घालून उभी राहायची, आणि कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून तेल बोटाला लागलं म्हणून सोफ्याला पुसायचं. मला त्या हातांचा संताप यायचा. मी सोफ्याचं कव्हर धूत बसायचे.

पण या सगळ्याच्या वरताण होतं ते दही.

आमची भावकी पाच घरांची. सगळी घरं आजूबाजूच्या गल्ल्यांत, हाकेच्या अंतरावर. त्यात थोरल्या म्हणजे माझ्या नणंदबाई, अक्का. त्यांना अक्कलकोटकडं दिलेलं. मिस्टर गेल्यावर मुलाला घेऊन त्या परत सोलापुरात आल्या आणि भावकीचा कारभार आपोआप त्यांच्या हातात गेला. बोलताना अर्धं मराठी, अर्धं कानडी. दह्याला त्या मोसरू म्हणतात. मनानं वाईट नाहीत, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मला ते लिहिणं जमेलच असं नाही.

पेपरला निघालेल्या पोराच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही रीत सगळीकडंच आहे. आमच्याकडं तिला फाटे फुटले. थोरल्या जावेचा मुलगा बारावीला होता, तेव्हा कुणाच्या घरचं दही त्यानं आधी खाल्लं यावरून दोन घरांत असं बिनसलं की पुढची दोन लग्नं एकमेकांच्या आहेराशिवाय झाली. मग अक्कांनी तोडगा काढला. पेपरच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरानं आपलं वाटीभर दही अक्कांकडं पोचवायचं. अक्का ते सगळं एका स्टीलच्या डब्यात ओततात, साखर घालून घुसळतात, आणि सकाळी पोराला भरवतात. कुणाचं आधी नाही, कुणाचं नंतर नाही. सगळ्यांनी या अकलेचं कौतुक केलं.

आता कुणाचं दही म्हशीच्या दुधाचं, कुणाचं पिशवीच्या. कुणाचं आजचं, कुणाचं परवाचं. थोरल्या जावेकडं लसणाची फोडणी दिलेल्या भांड्यातच दही लागतं, हे सगळ्या भावकीला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. बरं, तो डबा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. ‘थंडगार मोसरू घशाला लागलं आन् पोरगी आवाज बसून आली म्हंजे?’ असा अक्कांचा सवाल. लेखी परीक्षेला आवाज कशाला लागतो, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. डबा रात्रभर फ्रिजच्या वर राहायचा, सोलापूरच्या मार्चमध्ये, फ्रिजच्याच मागून येणाऱ्या गरम हवेत.

आणि ते हातावर ठेवायचं नाही. हात चिकट झाले तर पेन निसटेल. अक्का स्वतः चमच्यानं तोंडात घालतात, पाच घरांचे पाच चमचे, आणि तोंड पुसायच्या आधी कपाळाला विभूती लावतात.

लीलाला दही लहानपणापासून आवडत नाही. बाळ होती तेव्हाही ताकभात थुंकून टाकायची. हे अक्कांना ठाऊक होतं. पण आवडनिवड ही जेवणातली गोष्ट. हे जेवण नव्हतं.

मराठीच्या पेपरला तिनं डोळे मिटून खाल्लं. हिंदीच्या पेपरला खाल्लं आणि दिवसभर जेवली नाही. बीजगणिताच्या सकाळी अक्कांनी डब्याचं झाकण काढलं तेव्हा वरती पिवळसर पाणी सुटलं होतं आणि वास दारापर्यंत आला. मी म्हटलं, “अक्का, आज राहू द्या की. उतरलंय ते.”

“उतरायला काय झालं? रात्रीच तर कालवलंय. गणिताचा पेपर हाय आन् आजच न्हाय म्हंतीस व्हय?”

हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “एक चमचा तर आहे. मन कशाला मोडायचं?”

एक नाही, पाच. लीला माझ्याकडं बघत होती. मी पुढं होऊन चमचा धरला, तेवढ्यात तिनंच तोंड उघडलं. उशीर होत होता, आणि घरात पेपरच्या दिवशी भांडण नको, एवढं त्या पोरीला कळत होतं. मोठ्यांना कळत नव्हतं.

रिक्षात ती मध्ये बसली, एका बाजूला मी, एका बाजूला अक्का. अक्का केंद्रापर्यंत आल्याशिवाय पेपर सोपा जात नाही, अशी त्यांची समजूत. रस्ता खणून ठेवलेला, रिक्षा आपटत चाललेली. लीलानं ओठ घट्ट मिटले होते आणि तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. केंद्राच्या फाटकाशी रिक्षा थांबली, तिनं एक पाय खाली टाकला, आणि सगळं बाहेर आलं. ओढणीवर, कुर्त्यावर, चपलांवर. ऐन गर्दीत. तिच्या वर्गातल्या मुली तिथंच उभ्या होत्या.

मी तिची ओढणी काढून घेतली. बाटलीतलं पाणी कुर्त्यावर ओतलं आणि पदरानं पुसायला लागले. पुसलं तसं ते आणखी पसरलं. पोरगी म्हणत होती, “आई, राहू दे, बेल होईल. आई, बघतायत सगळे.” आणि माझ्या मागून अक्कांचा आवाज आला, समाधानाचा.

“बरं झालं. जे काय वाईट व्हतं ते भाईर पडलं. आता बघ की, कसा पेपर लिवतीय ते.”

इतकी वर्षं झाली, मला त्या वाक्याची जेवढी किळस आहे तेवढी त्या ओकारीची नाही. ओकारी पाण्यानं गेली. पोरीचं पोट ढवळून निघालं, अब्रू रस्त्यावर आली, आणि त्यातही या बाईला शुभ दिसलं. अशा माणसाला चूक दाखवणार कशी? काहीही झालं तरी तिचं दही बरोबरच.

पेपर संपेपर्यंत मी समोरच्या झाडाखाली बसून राहिले. केंद्राच्या मागच्या भिंतीवर माणसं चढलेली. चांगले इस्त्रीचे कपडे घातलेले बाप, खिडकीतून चिठ्ठ्या टाकायला. एकाच्या गळ्यात रुद्राक्षाची माळ होती आणि तो दुसऱ्याला सांगत होता, पोरांसाठी करावं लागतं. मला वाटलं, हा आणि आमच्या अक्का एकाच घरातले. पोरासाठी करायचं म्हटलं की माणसाला काहीही करायला लाज वाटत नाही. माझ्या पदराला वास येत होता आणि मी तो पदर दूर धरून बसले होते.

लीला बाहेर आली. तिचं पहिलं वाक्य पेपरबद्दल नव्हतं. म्हणाली, “सगळ्या वर्गाला वास येत होता. शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून लिहीत होती.” मग बऱ्याच वेळानं, “शेवटचा प्रश्न राहिला.” घरी आलो तर तो नळाला पाणी यायचा दिवस नव्हता. कुर्ता भिजवायला बादलीभर पाणी काढताना मला पिंपाचा तळ दिसला. त्या कुर्त्याचा डाग गेला नाही. पुढचे पेपर तिनं जुन्या, आखूड झालेल्या कुर्त्यावर दिले.

पुढच्या पेपरला डबा पुन्हा आला. मी अक्कांना दारात सांगितलं, नको म्हणून. सरळ सांगितलं. त्या माझ्या बाजूनं आत आल्या. आमच्याकडं नकार ऐकू येत नाही. तो पंख्याच्या आवाजासारखा चालू राहतो आणि माणसं आपलं काम करत राहतात. यांनी चष्म्यावरून मला खूण केली, गप्प बस म्हणून. आणि लीलानं पुन्हा तोंड उघडलं. पण या वेळी तिनं गिळलं नाही. गाल फुगवून, मान हलवून, बॅग विसरल्यासारखं करून ती मोरीकडं गेली. मला समजलं. मी मांडणीवरची ताटली उचलली आणि खाली फरशीवर सोडून दिली. ठणठणाट झाला. त्या आवाजात तिनं थुंकून घेतलं.

मग प्रत्येक पेपरला हेच. चमचा, मोरी, ताटली. यांनी एकदा विचारलंसुद्धा, “रोज सकाळी तुझ्या हातून ताटली कशी पडते गं?” मी म्हटलं, “टेन्शननं.” दोघी मायलेकी एक शब्द न बोलता हे करत होतो. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं. आज मार्चमध्ये ताटलीचा आवाज आला की वीट येतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडातली नकोशी गोष्ट टाकायला पोरीला आडोसा लागावा, आणि आईनं भांडी पाडून तो द्यावा!

निकाल चांगला लागला. गणितात मार्क गेले ते गेलेच, पण बाकीच्यांनी भरून काढलं. पाच घरांत पेढे वाटले ते अक्कांनी. “माजं मोसरू हाय ते,” प्रत्येक दारात म्हणाल्या. “ओकून बी एवढं पडलं. पोटात ऱ्हायलं असतं तर बोर्डात आली असती.”

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण पुढं भावकीत असं ठरलं की लीलाचा हात चांगला. तिच्या हातचं दही लागू पडतं. जिनं ओकलं, तिच्याच हातात चमचा. दर वर्षी कुणाचं तरी पोर दहावीला, बारावीला असायचंच, आणि दर वर्षी बोलावणं यायचं. लीला कॉलेजचं निमित्त सांगायची, प्रॅक्टिकल आहे, सबमिशन आहे. आमच्या घरात तिच्या ताटात आजही दही नाही, ताक नाही, कढी नाही. भाजी तिखट झाली तर डोळ्यांतून पाणी काढेल, पण दही घेणार नाही.

यंदा निमित्त चालणार नव्हतं. अक्कांची सख्खी नात, पूर्वा, दहावीला बसली. नात्यानं लीला तिची आत्या लागते, पण वयामुळं ती ताईच म्हणते. फेब्रुवारीतल्या एका दुपारी पोरगी आमच्याकडं आली. ओट्याला टेकून शेंगा सोलत होती, खात काहीच नव्हती. मग लीलाला म्हणाली, “ताई, तुला खरंच गेटवर उलटी झाली व्हती?”

“झाली होती.”

“मला तर डबा उघडला तरी कसंतरी हुतंय. आज्जीला सांगितलं, तर म्हणली, लीलाला बी सोसत नव्हतं, तरी बघ किती मार्क पडले.” थोडा वेळ तिनं शेंगेचं टरफल चुरगळलं. “तू येणारेस ना भरवायला? तू थोडंच घाल. चमच्याच्या टोकावर.”

लीलानं सोललेले दाणे तिच्यापुढं सरकवले. पोरीनं किती कमी मागितलं, याचंच मला वाईट वाटत राहिलं. नको, हे तर तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही त्या शब्दाची सवयच मोडून टाकली आहे.

परवा तिचा पहिला पेपर होता. सकाळी आम्ही दोघी अक्कांकडं गेलो. तोच हंगाम, तोच थाट. टीव्हीवर आमच्याच दुकानातली चादर. थोरल्या जाऊबाई सोफ्यावर. देवापुढं उदबत्ती, आणि उदबत्तीच्या खालून तो वास. डबा फ्रिजच्या वरच होता. अक्कांनी तो काढून दही वाटीत ओतलं, वर साखर घातली, आणि वाटी लीलाच्या हातात दिली.

“घाल गं बाई. तुजा हात हाय म्हणून धीर हाय बघ मला.” अक्कांचे डोळे तांबारलेले होते. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की या बाईला नातीच्या काळजीनं झोप लागलेली नाही. त्यानं माझा राग कमी झाला नाही. काळजी खरी असते, म्हणून तर तिच्यापुढं कुणाचं चालत नाही.

मी सवयीनं स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरची एक ताटली उचलली आणि दाराच्या चौकटीतून बाहेर बघत उभी राहिले. पूर्वा मोरीकडं कशी जाईल, मी कुठल्या क्षणी ताटली सोडायची, याचा अंदाज घेत होते. एवढ्या वर्षांत माझी अक्कल एवढीच वाढली होती.

लीलानं चमचा दह्यात बुडवला आणि थांबली. सगळ्यांदेखत, साध्या आवाजात तिनं विचारलं, “पूर्वा, तुला हवंय का?”

खोलीत कुणालाच प्रश्न कळला नाही. पूर्वानं आज्जीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मान हलवली. नाही.

“अगं, तिला काय इचारायलीस?” अक्का म्हणाल्या.

लीला खुर्चीवर बसली आणि तो चमचा तिनं स्वतःच्या तोंडात घातला. गिळला. मग दुसरा. तिच्या मानेवरची शीर ताणलेली मला तिथून दिसत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं. मोरीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. थोरल्या जाऊबाई अर्धवट उठल्या. अक्का म्हणत होत्या, “अगं लीला, अगं तू कशाला खायलीस, तिला दे की, तिचं हाय ते!” लीला थांबली नाही. पाच घरांचं दही तिनं वाटीच्या तळापर्यंत खाल्लं, चमच्यानं निपटून. वाटी टीपॉयवर ठेवली, ओढणीनं तोंड पुसलं.

“संपलं, आत्या,” ती म्हणाली. “तिच्या पेपरला लागणारं सगळं मी खाल्लंय. उद्या परवा असेल तेही मीच येऊन खाईन. तिला नको.”

अक्का रिकाम्या वाटीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विभूतीचं बोट पूर्वाच्या कपाळाला लावलं, आणि हात खाली घेताना, थोड्या चिडूनच, विचारलं, “मग काय उपाशी जातीस का? काय खातीस?”

पूर्वा गोंधळली. मग म्हणाली, “कडक भाकरी. शेंगाची चटणी आन् तेल.”

“पेपरला जाताना तिखट? शिवा शिवा!” असं म्हणत अक्का स्वयंपाकघरात आल्या. मी ताटली हातात धरून तिथंच उभी होते. “दे हिकडं ती,” म्हणाल्या, आणि मी पाडायला घेतलेली ताटली माझ्या हातातून काढून घेऊन त्यांनी तिच्यात भाकरी मोडली.